तलाव कुणाचा?

सार्वजनिक वस्तू मोडली, तर ती दुरुस्त करण्याची जबाबदारी कुणाची? आणि लोकांनी पदरमोड करून ती सावरली, तर त्यानंतर ती कुणाची होते? हे प्रश्न वरवर हिशेबाचे वाटतात. परंतु त्यांच्या मुळाशी न्यायाचा विचार आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, पेन्झन्स नावाचे बंदराचे गाव आहे. तेथे समुद्राला अगदी खेटून १९३५ साली खाऱ्या पाण्याचा एक त्रिकोणी जलतरण तलाव बांधण्यात आला. राजे पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाचा तो रौप्यमहोत्सव. म्हणून नाव पडले ‘ज्युबिली पूल’. फेब्रुवारी २०१४ च्या वादळाने या तलावाची मोठी नासधूस केली. दोन उन्हाळे तो बंद राहिला आणि मे २०१६ मध्ये पुन्हा उघडला. दुरुस्तीचा सुमारे ३० लाख पौंडांचा खर्च मुख्यतः सार्वजनिक निधीतून झाला.

परंतु तलाव उघडणे वेगळे आणि तो उघडा ठेवणे वेगळे. त्या थंड पाण्यात वर्षातील मोजकेच महिने पोहता येई; तेवढ्या उत्पन्नावर वर्षभराचा खर्च भागणे कठीण. तेव्हा गावकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर संस्था स्थापून कारभार हाती घेतला व भाग विक्रीस काढले. हजाराहून अधिक लोकांनी मिळून पाच लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. तिला अनुदानाची जोड मिळाली. जमिनीत ४०० मीटरांहून खोल छिद्र घेण्यात आले आणि भूगर्भातील उष्णतेवर तापवलेला तलावाचा एक भाग २०२० साली पोहणाऱ्यांसाठी खुला झाला.

या हकिकतीत मला रकमेपेक्षा एक नियम मोलाचा वाटतो. अशा संस्थेत ज्याने थोडे भाग घेतले त्याला एक मत आणि ज्याने पुष्कळ घेतले त्यालाही एकच मत. कुणी म्हणेल, हा अन्याय नव्हे काय? ज्याने अधिक दिले, त्याचा शब्द अधिक चालू नये काय? व्यापारात हा युक्तिवाद रास्त ठरेल. परंतु समाईक कार्यात पैसा फक्त पेटीत काय पडले ते सांगतो. देणाऱ्याच्या घरी काय उरले, ते सांगत नाही. शुभवर्तमानातील गरीब विधवेची दोन नाणी प्रभूने सर्वांच्या दानाहून मोठी मानली, ती याच कारणासाठी. शिवाय ज्याला एक पैही देता आली नाही, त्याच्या लेकरालाही त्या पाण्यात उतरावेसे वाटतेच ना!

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोक वर्गणी काढू लागले, तर सरकार आपल्या कर्तव्यातून मोकळे होत नाही काय? होऊ शकते, म्हणूनच सावध राहिले पाहिजे. पेन्झन्समध्ये लोकांचा पैसा सरकारी पैशाच्या जोडीला आला, जागी नव्हे. वर्गणी हे सहभागाचे लक्षण असावे. शासनाला दिलेली सुटी नव्हे.

शिवाय तलाव केवळ पैशाअभावीच बंद पडतात असेही नाही. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात जॅक्सन शहराचेच उदाहरण घ्या. सार्वजनिक जागांतील वर्णभेद न्यायालयाने बेकायदा ठरवल्यावर त्या शहराने १९६३ साली आपले चार तलाव सरळ बंद केले. शांतता आणि खर्च ही कारणे पुढे करण्यात आली. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती कृती वैध ठरवली. त्या तलावांच्या भिंतींना तडा गेला नव्हता. तडा गेला होता माणसामाणसांत. हे दुःख आपल्याला परके नाही. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी ते पाणी प्राशन केले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला आणि पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. कागदावर तळे खुले होते, मनात नव्हते.

तेव्हा वस्तू सार्वजनिक ठरते ती कुणी पैसे दिले यावरून नव्हे, तर कुणाला आत येता येते यावरून. आपणही सभागृहांसाठी, शाळांसाठी, विहिरींसाठी वर्गण्या काढतो. काम पुरे झाले की देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर कोरतो. कृतज्ञता म्हणून ते योग्यच आहे. मात्र ती पाटी दाराच्या बाजूला असावी, दारात आडवी नसावी. देणगी देताना आपण वस्तूवरचा हक्क विकत घेत नाही; उलट तिच्यावरचा आपला वेगळा हक्क सोडतो. हे ज्याला उमगले, त्याचे देणे पुरे झाले.