किनारीवर काय छापलंय?

"कोणाला कळतंय, शेठ?"

मंगळदास मार्केटमधल्या एका दुकानात गादीवर मांडी घालून बसलेला दुकानदार असं म्हणाला आणि माझ्या लग्नाच्या सुटाचा प्रश्न मिटला, असं मला वाटलं. समोर दोन तागे उलगडलेले होते. दोन्ही गडद निळे. एक ३८० रुपये मीटर, दुसरा १९०० रुपये. पन्हा दोन्हींचा ५८ इंच, म्हणजे माझ्या अंगाला कोट-पँट मिळून सव्वातीन मीटर. फरक जवळजवळ पाच हजारांचा. गंमत अशी, की स्वस्त ताग्याच्या किनारीवरच सोनेरी अक्षरांत 'सुपर १२०' छापलेलं होतं.

दुकानदाराने काही लपवलं नाही. "यात लोकर नाही हां. पॉलिस्टर-व्हिस्कोस आहे. किनार छापूनच येते तशी. पण फोटोत कोणाला कळतंय?"

'सुपर' हा आकडा खरं तर लोकरीचा. तंतू जितका बारीक, तितका आकडा मोठा. सुपर १२० म्हणजे साधारण पावणेअठरा मायक्रॉनचा तंतू. ज्या कापडात लोकरच नाही, त्यावर हा आकडा म्हणजे शेंगदाण्याच्या डब्यावर 'काजू' लिहिण्यासारखं.

बाबा इतका वेळ गप्प होते. त्यांनी दोन्ही कापडं मुठीत चुरगाळून सोडली, दोन्हींचा एकेक दोरा मागून घेतला आणि मला बाहेर चहाच्या टपरीवर नेलं. काडी पेटवली. पहिला दोरा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. दुसऱ्याला केस जळल्याचा वास आला आणि चिमटीत धरताच त्याची राख झाली.

"दुसरं लोकरीचं आहे," बाबा म्हणाले. "पण पहिलंही वाईट नाही. वीण घट्ट आहे. फक्त किनार खोटं बोलते."

त्या वाक्याने मी चपापलो. कारण मी स्वतः एक किनार छापून बसलो होतो. लग्नाच्या बायोडेटात 'वडील' या शब्दापुढे मी लिहिलं होतं : 'टेक्स्टाइल क्षेत्रात, आता निवृत्त'.

बाबा गिरणीत साचेवाले होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात उतरले. बाबांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. पुढची तीसेक वर्षं त्यांनी वॉचमनची नोकरी केली. 'टेक्स्टाइल क्षेत्रात' हे वाक्य तसं खोटं नाही. पण ते मी ज्यासाठी लिहिलं, ते खोटं होतं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखादी केबिन यावी, ही माझी इच्छा होती.

मग सूट घालणं हेच मुळात सोंग आहे का? गिरणी कामगाराच्या मुलाने, मुंबईच्या मे महिन्यात, साहेबाचा पोशाख कशाला चढवायचा? १९२१ मध्ये मदुराईत गांधींनी अंगावरचे कपडे कमी करून पंचा नेसला, तो याच प्रश्नाला दिलेला एक जबाब होता : ज्यांच्यासाठी बोलतो, त्यांच्यासारखं दिसलं पाहिजे. पण १९३१ च्या गोलमेज परिषदेत त्याच लंडनमध्ये, त्याच सभेत, बाबासाहेब आंबेडकर सुटात होते. ज्यांना धड नेसू दिलं जात नव्हतं, त्यांच्या माणसाने पंचा नेसून कोणता त्याग दाखवायचा? त्यांचा सूट हा हक्क होता. आणि तो घालून ते आपण कुठून आलो हे लपवत नव्हते. उलट तेच ठणकावून सांगायला उभे होते.

मला वाटतं, खरी रेघ इथे आहे. पोशाख मोठा असण्यात खोटेपणा नाही. समोरच्याला खरं कळलं तर ज्या पोशाखाचा आब उतरतो, तो पोशाख खोटा. बाबासाहेबांचा सूट खरं सांगितल्यावर अधिकच शोभायचा. माझा बायोडेटा खरं कळताच उघडा पडणार होता.

यात आणखी एक टोचणारी गोष्ट आहे. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचं काम विणकाम खात्यात असायचं, आणि त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत. कारण धोट्यात नवी कांडी घातली, की दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्यांच्या तोंडाला लागलेला धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. म्हणजे ज्या साच्यापाशी उभं राहण्याचा हक्क कितीतरी जणांना जन्मामुळे नाकारला गेला, तिथे माझ्या घरातला माणूस उभा होता. काहींना ती जागा मिळू दिली नाही, आणि ज्याला मिळाली, त्याच्या मुलाला ती सांगायची लाज वाटली. दोन्हीकडे हिशेब एकच : हाताने काम करणारा माणूस दिसू नये.

'कोणाला कळतंय?' हा प्रश्न आपण दुसऱ्यांबद्दल विचारतो. पण त्याला एक उत्तर नेहमी तयार असतं. मला कळतंय. आणि माझ्या बाबतीत तर शेजारी काडी हातात धरून उभ्या असलेल्या माणसालाही कळत होतं. बायोडेटा त्यांनी वाचला होता. छापून आणल्यावर मीच त्यांना दाखवला होता. तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "अक्षर छान आलंय."

मी स्वस्तातलं कापड घेतलं. लोकरीचं परवडत नव्हतं असं नाही, हप्त्याने जमलं असतं. पण मे महिन्यात लोकर कशाला, आणि बाबांनी वीण पास केली होती. त्या रात्री होणाऱ्या बायकोला फोन करून गिरणी, संप, वॉचमनची नोकरी सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे आधी सांगायला हवं होतंस." राग कापडाचा नव्हता, किनारीचा होता. तो उतरायला आठवडा लागला, आणि तो रास्त होता.

पहिल्या ट्रायलला शिंप्याने सोनेरी किनारीची पट्टी कापून बाजूला ठेवली होती. "ही आतल्या खिशाजवळ लावू का? कोट उघडला की दिसते. बरेच जण लावून घेतात."

मी बाबांकडे पाहिलं. ते अस्तराची शिवण बोटाने तपासत होते.

"नको," मी म्हणालो.