मरणाची तयारी आणि मरणाची हौस

इ.स. ११२ च्या सुमारास रोमन साम्राज्याच्या बिथिनिया-पोंटस प्रांताचा, म्हणजे आजच्या उत्तर तुर्कस्तानचा, सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला एक पत्र पाठवले. कोणी ख्रिस्ती असल्याची तक्रार आली की तो त्याला तीनदा विचारी, मृत्युदंडाचा धाक घाली आणि तरीही माणूस आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला तर त्याला ठार करवी. जो नाकबूल होई, देवांची प्रार्थना करी, सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप व मद्य वाही आणि ख्रिस्ताची निंदा करी, त्याला तो सोडून देई. ट्राजनने ही रीत मान्य केली. ख्रिस्ती लोकांना शोधून काढू नये आणि निनावी तक्रारी घेऊ नयेत, एवढे त्याने वर बजावले.

ख्रिस्ती हौतात्म्याचे सारे वेगळेपण या कार्यपद्धतीत आहे. चोर किंवा खुनी नुसते ‘नाही’ म्हणून सुटत नाही. ख्रिस्ती माणूस सुटत असे. कार्थेजचा लेखक तर्तुलियन याने इ.स. १९७ मध्ये या न्यायाची टर उडवली: इतर आरोपींचा छळ कबुली मिळवण्यासाठी होतो, ख्रिस्त्यांचा मात्र कबुली मागे घ्यावी म्हणून. आरोपीपुढे सुटकेचे दार शेवटच्या क्षणापर्यंत उघडे असे, त्यामुळे त्याचे मरण हे दर वेळी त्याने स्वतः पत्करलेले मरण ठरे. मग पुढचा प्रश्न टळत नाही. समोर आलेले मरण न टाळणे आणि मरणाला आमंत्रण देणे यांत फरक करायचा की नाही?

शुभवर्तमानांत दोन्हींना आधार सापडतो. आपला क्रूस उचलून मागे या, असे येशू शिष्यांना सांगतो. पण एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, असेही सांगतो, आणि अटकेच्या रात्री गेथसेमानीच्या बागेत तो स्वतः हा प्याला टळावा म्हणून प्रार्थना करतो. पहिल्या काही पिढ्यांत या दोन टोकांमधली ओढाताण स्पष्ट दिसते. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला पहाऱ्यात रोमला नेले जात होते, तेव्हा त्याने तिथल्या ख्रिस्ती मंडळींना आधीच लिहून कळवले, की माझ्या सुटकेची खटपट करू नका. त्या पत्रातली मरणाची आस आजच्या वाचकाला अस्वस्थ करते.

स्मर्ना, म्हणजे आजचे इझमिर, येथील मंडळीने मात्र दुसरा नमुना पुढे ठेवला. साधारण इ.स. १५५ मध्ये तिथला वृद्ध बिशप पॉलिकार्प याला जाळण्यात आले. लोकांच्या आग्रहावरून तो आधी शहराबाहेरच्या मळ्यात जाऊन राहिला होता. पकडायला शिपाई आले, तेव्हा त्याने त्यांना जेवू घातले आणि प्रार्थनेला एक तास मागून घेतला. ख्रिस्ताची निंदा करण्यास त्याने नकार दिला. आपण शहाऐंशी वर्षे ज्याची सेवा केली त्याने आपले काहीच वाईट केलेले नाही, असे तो म्हणाला. मंडळीने हा वृत्तांत इतर मंडळ्यांना लिहून पाठवला आणि त्यात क्विंटस नावाच्या एका माणसाची गोष्ट मुद्दाम घातली. हा फ्रिजियाहून आलेला गृहस्थ आपण होऊन अधिकाऱ्यांपुढे गेला, इतरांनाही त्याने भरीस घातले, आणि श्वापदे पाहताच त्याचे अवसान गळाले. त्याने देवांना आहुती दिली. स्वतःहून पुढे होणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करीत नाही, असे पत्रात स्पष्ट म्हटले आहे. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट त्याही पुढे गेला: जो स्वतःला पकडून देतो तो छळ करणाऱ्याच्या पापात वाटेकरी होतो. रोमन अधिकाऱ्यांनाही अशा मंडळींचा वैताग येई. आशिया प्रांताचा सुभेदार अरियस अँटोनिनस याच्यापुढे एकदा ख्रिस्त्यांचा जमावच येऊन उभा राहिला. त्याने काहींना शिक्षा दिली आणि बाकीच्यांना सांगितले, मरायचेच असेल तर कडे आहेत, दोर आहेत.

तत्त्व म्हणून हा भेद सोपा आहे. प्रत्यक्षात तो किती निसरडा आहे हे कार्थेजच्या पर्पेतुआच्या कथेत दिसते. इ.स. २०३ मध्ये अटक झाली तेव्हा ती सुमारे बावीस वर्षांची होती, चांगल्या घरात वाढलेली, पदरी तान्हे मूल. तुरुंगात तिने स्वतः लिहिलेल्या नोंदी टिकून आहेत. ख्रिस्ती स्त्रीच्या हातच्या सर्वांत जुन्या लेखनात त्यांची गणना होते. त्यांत धर्मचर्चा थोडी आणि संसार अधिक आहे. काळोखी कोठडी, उकाडा, शिपायांची दंडेली, दुधासाठी कासावीस झालेले मूल. बाप पुन्हा पुन्हा येतो, तिचे हात चुंबतो, पाया पडतो, पिकल्या केसांची आण घालतो. तो तिच्या डोळ्यांदेखत फटके खातो, तेव्हा ते आपल्यालाच बसल्यासारखे तिला वाटते. ती बदलत नाही. पण बापाचे दुःख क्षुल्लक आहे असेही ती कुठे लिहीत नाही. नवऱ्याचा या नोंदींत उल्लेखही नाही. तिच्याबरोबरची दासी फेलिसितास आठ महिन्यांची गरोदर होती. गर्भवतीला देहदंड देण्यास कायद्याची मनाई असल्याने आपण मागे राहू, ही तिची चिंता. खेळांच्या दोनच दिवस आधी ती प्रसूत झाली. नवजात मुलगी एका ख्रिस्ती बाईने सांभाळली. रिंगणात रानटी गाय अंगावर सोडल्यानंतर तलवारीने शेवट करायचा होता. नवख्या ग्लॅडिएटरचा हात कापू लागला, तेव्हा पर्पेतुआने तो धरून स्वतःच्या गळ्याशी नेला.

याच गटात सातुरस होता. त्यानेच या मंडळींना धर्मशिक्षण दिले होते. अटकेच्या वेळी तो तिथे नव्हता. मागाहून त्याने स्वतःला स्वाधीन केले. स्मर्नाच्या कसोटीने पाहिले तर तो दोषी. पण शिष्य तुरुंगात असताना गुरूने बाहेर राहावे काय? ख्रिस्तसभेने त्याला रक्तसाक्ष्यांत स्थान दिले आणि ते योग्यच केले. क्विंटस आणि सातुरस यांच्यातला फरक कृतीचा नव्हे, हेतूचा होता. आणि हेतू बाहेरून कोणाला दिसत नाही.

इ.स. २५० मध्ये प्रश्नाचे स्वरूपच पालटले. सम्राट डेशियसने साम्राज्यातल्या सर्वांना देवांना आहुती देऊन तसा दाखला घेण्याचे फर्मान काढले. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर सापडले आहेत. मोठ्या शहरांत ख्रिस्ती लोकांनी रांगा लावून आहुती दिल्या. काहींनी आहुती न देता पैसे मोजून नुसता दाखला मिळवला. थोडे लोक तुरुंगात गेले, त्याहून थोडे मेले. कार्थेजचा बिशप सिप्रियन लपून बसला आणि तिथून पत्रे धाडत राहिला. त्याच्यावर टीका झाली. वर्षभरात छळ ओसरला, पण पतितांना परत घ्यायचे कसे, यावर मंडळी दुभंगली. छळ सोसलेले कैदी त्यांच्या नावाने क्षमेच्या चिठ्ठ्या देऊ लागले आणि सोसणाऱ्याचा शब्द बिशपपेक्षा वजनदार ठरू लागला. सिप्रियनने ते मानले नाही. इ.स. २५१ च्या परिषदेत मधला मार्ग निघाला: नुसता दाखला घेतलेल्यांना प्रायश्चित्तानंतर प्रवेश, आहुती दिलेल्यांना मृत्युशय्येवर. रोममध्ये नोव्हेशियनने एवढीही सवलत नाकारून वेगळी चूल मांडली.

सिप्रियन भित्रा होता काय? सम्राट व्हलेरियनच्या काळात तो पकडला गेला आणि कुरुबिसला हद्दपार झाला. पुढे त्याला मृत्युदंडासाठी उटिका शहरी नेण्याचे घाटत आहे असे कळताच तो पुन्हा दडून बसला. बिशपने आपल्या लोकांत, आपल्या शहरात मरावे, हे कारण त्याने पत्रात दिले. सुभेदार कार्थेजला परतल्यावर तोही आला. १४ सप्टेंबर २५८ रोजी त्याचा शिरच्छेद झाला, आणि मारेकऱ्याला सोन्याची पंचवीस नाणी द्यावीत असे त्याने सांगून ठेवले होते. पळणारा आणि मरणारा असे एकाच माणसाचे हे दोन पैलू एकत्र ठेवल्याखेरीज सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजाचे आकलन होत नाही.

पुढच्या छळात, डायोक्लेशियनच्या इ.स. ३०३ च्या आदेशानंतर, पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली करणारे धर्मगुरू पुन्हा पदावर बसण्यास पात्र आहेत का, यावरून उत्तर आफ्रिकेत दोनातुसपंथ उभा राहिला. स्वतःला हुतात्म्यांचा वारस म्हणवणाऱ्या या पंथाच्या काठावर अशा टोळ्या होत्या, की ज्यांतले काही लोक वाटसरूंना चिथवून स्वतःला ठार करवीत किंवा कड्यावरून उड्या घेत. निदान विरोधकांनी तसे लिहून ठेवले आहे. शिक्षेने नव्हे तर कारणाने माणूस हुतात्मा ठरतो, हा ऑगस्टिनचा युक्तिवाद या भांडणातला. त्याच्या कितीतरी आधी, डायोक्लेशियनच्या छळाच्या सुमारास, स्पेनमधल्या एल्विरा येथील परिषदेच्या नियमांत, मूर्ती फोडताना मारला गेलेला माणूस हुतात्म्यांच्या यादीत धरू नये, असे कलम आले.

स्पेनमध्येच हा वाद साडेपाचशे वर्षांनी उफाळला. मुसलमानी अमलाखालच्या कोर्दोबात इ.स. ८५० ते ८५९ या काळात सुमारे पन्नास ख्रिस्ती मारले गेले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी काझीपुढे जाऊन मुहम्मदाची जाणूनबुजून निंदा केली होती. ख्रिस्ती समाजाचेच त्यावर एकमत नव्हते: छळ होत नसताना हे कसले हौतात्म्य, असे अनेकांचे म्हणणे होते. ८५२ च्या बिशपांच्या परिषदेने अशा मरणाला मनाई केली. या मृतांची बाजू लिहून मांडणारा युलोजियस ८५९ मध्ये स्वतःही मारला गेला.

ठाण्यात एप्रिल १३२१ मध्ये मारल्या गेलेल्या तोलेंतिनोच्या थॉमस आणि त्याच्या तीन फ्रान्सिस्कन साथीदारांची गोष्ट मरण न टाळणे आणि मरणाला आमंत्रण देणे या दोन्हींच्या मधली आहे. ते चीनकडे निघालेले प्रवासी होते. नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबात उतरले होते. त्या घरातल्या नवराबायकोच्या भांडणात साक्षीसाठी काझीपुढे जावे लागले, तिथे धर्मावर वाद निघाला, मुहम्मदाविषयी थेट विचारणा झाली आणि त्यांनी जिवावर बेतेल असेच उत्तर दिले. भडोचकडे गेलेला त्यांचा सोबती जॉर्डेनस वाचला. त्याने त्यांचे देह सोपाऱ्यात पुरले आणि पुढे तो कोल्लमचा बिशप झाला.

गोव्यातल्या कुंकळ्ळीत गुंता आणखी वाढतो. जुलै १५८३ मध्ये तिथे रुडोल्फ अक्वाविवा आणि इतर चार जेझुइट मारले गेले. अक्वाविवा नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. १८९३ मध्ये पोपने या पाच जणांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचे, घोषित केले. पण ते आले ती भूमी पोर्तुगीजांनी देवळे पाडलेली भूमी होती, आणि हत्येनंतर गावच्या गांवकारांना वाटाघाटींच्या मिषाने आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. त्यांचेही स्मारक आज कुंकळ्ळीत आहे. रोमन काळातल्या ख्रिस्त्याच्या पाठीशी कोणतीच सत्ता नव्हती. सोळाव्या शतकात ती होती, आणि तेवढ्याने त्या पाच जणांची निष्ठा खोटी ठरत नसली तरी ‘श्रद्धेच्या द्वेषापोटी मारले’ हा ख्रिस्तसभेचा हौतात्म्याचा निकष इथे अपुरा पडतो, हे मान्य करायला हवे.

वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रूसावर मेला. तो आधी व्यापारी होता, मग मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि जपानी भाषा येत असल्याने दुभाष्या म्हणून क्योटोला गेला. स्पॅनिश जहाज ‘सान फेलिपे’ किनाऱ्याला लागल्यावर धर्मप्रचारकांमागून सैन्य येते, असा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याचा संशय बळावला. गोन्सालो आणि त्याच्या साथीदारांचे डावे कान छाटून त्यांना भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत नेले. तिथे मारल्या गेलेल्या सव्वीस जणांना १८६२ मध्ये संतपद मिळाले.

पण जपानमध्ये धर्म टिकवला तो बव्हंशी न मेलेल्यांनी. १६१४ च्या बंदीनंतर अधिकाऱ्यांना हुतात्मे नको होते, धर्मत्याग हवा होता. छळाचे तंत्र त्यासाठी घडवले गेले, आणि १६३३ मध्ये जेझुइटांचा प्रमुख क्रिस्तोव्हाव फेरेइरा खड्ड्यावर उलटे टांगल्यावर मोडला. गावकऱ्यांना येशू-मरियेच्या प्रतिमेवर पाय द्यावा लागे. त्यांनी तो दिला, आणि घरी प्रार्थना चालू ठेवल्या, धर्मगुरूंवाचून, सात पिढ्या. मार्च १८६५ मध्ये उराकामीचे काही शेतकरी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये फ्रेंच धर्मगुरू पेतिजां यांच्यापुढे प्रकट झाले. ते चर्च सव्वीस हुतात्म्यांना अर्पण केलेले होते. लवकरच त्यांच्यावर पुन्हा कारवाई झाली, तीन हजारांहून अधिक लोक हद्दपार झाले आणि कित्येकशे मेले. १८७३ मध्ये बंदी उठली. सिप्रियनच्या काळी ज्यांना पतित म्हटले असते, त्यांच्या वंशजांपैकी बहुतेकांनी या वेळी माघार घेतली नाही.

विसाव्या शतकात मारणाराच ख्रिस्ती निघू लागला, तेव्हा जुने निकष ताणावे लागले. १९४१ मध्ये आउश्वित्झ छावणीत मॅक्सिमिलियन कोल्बे या धर्मगुरूने एका कुटुंबवत्सल कैद्याच्या जागी उपासमारीचे मरण मागून घेतले. त्याला कोणी श्रद्धा सोडायला सांगितले नव्हते. १९७१ मध्ये ‘धन्य’ घोषित करताना त्याची गणना हुतात्म्यांत केली नव्हती. १९८२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी हुतात्मा म्हणूनच संतपद दिले. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो १९८० मध्ये मिस्सा चालू असताना वेदीपाशी मारले गेले. ज्यांच्या जुलमाविरुद्ध ते बोलत होते तेही बाप्तिस्मा घेतलेलेच होते. हे मरण श्रद्धेसाठी की राजकारणामुळे, यावर रोममध्ये वर्षानुवर्षे खल चालला. २०१५ मध्ये ते हुतात्मा म्हणून ‘धन्य’ ठरले.

२०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी संतपदाच्या प्रक्रियेत एक स्वतंत्र वाट काढली: दुसऱ्यांच्या प्रेमापोटी, मरण ओढवेल हे जाणून, ज्यांनी जीव दिला त्यांच्यासाठी. साथीच्या रोगात रुग्णांची सेवा करताना मेलेली माणसे तिच्यात बसतात. हौतात्म्याशी तिची गल्लत होऊ नये म्हणून नियमात फरक ठेवला आहे. हुतात्म्याला ‘धन्य’ घोषित करण्यासाठी चमत्काराची अट नाही; या वाटेने येणाऱ्यासाठी एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो.