न सांगितलेली खोड

जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन जाहिरातींत धडधडीत खोटे वाक्य फारसे सापडत नाही. ‘कंडिशन एक नंबर’, ‘वापर कमी’, ‘चालू स्थितीत’, ‘सिंगल हँड’, ‘जसे आहे तसे’. यांतल्या एकाही शब्दावर बोट ठेवून तो खोटा म्हणता येत नाही. मोबाइल खरोखरच चालू असतो, फक्त त्याचा डिस्प्ले बदललेला असतो. स्कूटर एकाच मालकाने वापरलेली असते, पण तिची चासी अपघातात वाकून पुन्हा सरळ केलेली असते. फसवणूक लिहिलेल्या शब्दांत कमी आणि गाळलेल्या शब्दांत जास्त असते. म्हणून या व्यवहारात आधी तपासायला हवे ते विकणाऱ्याचे गप्प राहणे.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याने हा प्रश्न घोड्याच्या उदाहरणांनी मांडला आहे. कलम १७ म्हणते, नुसते गप्प राहणे ही फसवणूक नव्हे. घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही लिलावात विकणारा काही बोलला नाही, तर कायद्याने तो फसवणारा ठरत नाही. पण लगेच पुढची उदाहरणे येतात. घेणारी व्यक्ती नुकतीच सज्ञान झालेली त्याची स्वतःची मुलगी असेल, तर नात्यामुळेच दोष सांगणे त्याचे कर्तव्य होते. आणि घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाकारले नाहीत तर मी घोडा निर्दोष धरतो’, तर त्यावरचे मौन बोलण्याइतकेच धरले जाते. आपल्या कर्जत तालुक्यातच माथेरान आहे. मोटारींना बंदी असलेल्या त्या डोंगरावर घोडा आजही अनेक घरांची चूल पेटवतो. इथल्या माणसाला ही उदाहरणे पुस्तकी वाटायचे कारण नाही.

पहिल्या उदाहरणातली सवलत एका गृहीतावर उभी आहे: घेणाऱ्याला जनावर समोर दिसते. शेजारच्या मुरबाड तालुक्यात म्हशाच्या जत्रेत बैल घेणारा त्याचे तोंड उघडून दात मोजतो, खूर पाहतो, चार पावले चालवून बघतो, विकणाऱ्याच्या गावचा कुणी भेटला तर खोडीची चौकशी करतो. इतके करूनही दोष सुटला, तर चूक काही अंशी त्याची म्हणता येईल. करार कायद्याचे कलम १९ हाच विचार पुढे नेते: साधी दक्षता घेऊन सत्य कळले असते, तर समोरच्याने दडवले एवढ्यावरून करार मोडता येत नाही.

ऑनलाइन खरेदीत हे गृहीतच कोसळते. हातात असतात चार फोटो, तेही विकणाऱ्याने निवडलेल्या बाजूने काढलेले. ‘येऊन बघून जा’ हे सांगायला सोपे. कर्जत मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने सुमारे १०० किलोमीटर आहे, खोपोली त्याच्याही पुढे. दादरच्या जाहिरातीतले वॉशिंग मशीन पाहायला खालापुरातला माणूस निघाला, की त्याचा कामाचा दिवस बुडाला. टेम्पो ठरवलेला असतो, टोकन दिलेले असते. तिथे पोचल्यावर ड्रमचा खडखडाट ऐकू आला, तरी रिकाम्या हाताने परतण्यापेक्षा तो शंभर-दोनशे कमी करून यंत्र उचलतो. मोघम वर्णन या नाइलाजावरच पोसले जाते. ज्याची दिवसाची मजुरीच बुडते त्याला हा नाइलाज सर्वांत जास्त असतो, ही यातली सर्वांत क्लेशाची बाजू.

पाण्यात बुडालेल्या वस्तूंचा प्रश्न कर्जतच्या या भागाला विशेष लागू आहे. २६ जुलै २००५ च्या पावसाची आठवण उल्हास नदीकाठी अजून पुसलेली नाही. २७ जुलै २०१९ रोजी वांगणी-बदलापूरदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तीही याच नदीच्या पुरात. घरात पाणी शिरले की फ्रिज, पंप, दुचाकी भिजतात. वाळवल्यावर यातले बरेच काही सुरूही होते. पण वायरिंगचे जोड आणि बेअरिंग आतून गंजत राहतात, आणि बिघाड काही महिन्यांनी दिसतो. तोवर वस्तू दुसऱ्याच्या घरी गेलेली असते. ‘चालू स्थितीत’ हे वर्णन विक्रीच्या दिवशी खरेच असते. विकणारा पूरग्रस्त असेल, त्याचे नुकसान मोठे असेल. तरी ते नुकसान न सांगता दुसऱ्याच्या माथी मारण्याचा हक्क त्याला मिळत नाही.

रोमन विचारवंत सिसेरोने ‘दे ऑफिकीस’ या ग्रंथात हाच वाद घराच्या विक्रीवरून मांडला आहे. लाकूड किडलेले, घर राहायला अपायकारक, आणि हे फक्त मालकाला ठाऊक. स्टोइक तत्त्वज्ञ बॅबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, कायदा सांगायला लावतो तेवढे सांगावे. त्याचा शिष्य अँटिपाटर म्हणतो, घेणाऱ्याला जे कळायला हवे ते सारे सांगावे. सिसेरोचा कौल अँटिपाटरकडे जातो, आणि वस्तू न पाहता घेणाऱ्यांच्या आजच्या काळात तो अधिकच पटतो.

सध्याचा कायदा धंदेवाईक विक्रेता आणि घरगुती विक्रेता यांत फरक करतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याची जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळली पाहिजे, आणि वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर परत घ्यायला नकार देता येत नाही. घरातला जुना पंखा एकदाच विकणाऱ्याला हे नियम लागू नाहीत. तरी तोही पूर्ण मोकळा नाही: १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचे कलम १५ वर्णनावरून झालेल्या प्रत्येक विक्रीत वस्तू वर्णनाशी जुळण्याची अट गृहीत धरते. धंदेवाईक विक्रेत्याविरुद्धची ग्राहक तक्रार २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात दाखल करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

घेणाऱ्याच्या हाती कलम १७ मधले घोड्याचे ते तिसरे उदाहरणही आहे. पैसे देण्याआधी चॅटवर लिहून विचारता येते: वस्तू कधी पाण्यात गेली होती का, उघडून दुरुस्त केली आहे का, कोणता भाग बदलला, उत्तर आले नाही तर दोष नाही असे धरतो. विकणाऱ्यालाही फार काही करावे लागत नाही. ‘फ्रिज पुराच्या पाण्यात अर्धा दिवस होता, वाळवून सुरू केला आहे, कॉम्प्रेसर तपासलेला नाही, खालचा पत्रा गंजला आहे, त्याचा फोटो सोबत.’ या चार ओळींनी किंमत उतरते, आणि उतरलेली तीच त्या फ्रिजची खरी किंमत असते.