जागा गेली, क्लब राहिला

आय-लीगचा २०१६-१७ चा हंगाम संपला तेव्हा तक्त्याच्या वरच्या टोकाला ऐझॉल एफसी होता आणि खालच्या टोकाला, दहा संघांत दहावा, मुंबई एफसी. ऐझॉलचे प्रशिक्षक खालिद जमील. सात वर्षं मुंबई एफसीला दरवर्षी काठावर का होईना, तारून नेणारा हाच माणूस. २०१६ मध्ये मुंबईने त्यांच्या हातात नारळ दिला आणि ते मिझोरमला गेले. मुंबईचा जयेश राणे, तोही पूर्वी मुंबई एफसीकडून खेळलेला, त्याच ऐझॉल संघात होता. आदल्याच वर्षी रेलिगेट झालेला, म्हणजे खालच्या श्रेणीत ढकललेला, हा संघ देशाचा विजेता ठरला. मुंबई एफसी रेलिगेट झाला आणि त्याला कुलूप लागलं.

त्या वर्षी मीरा रोड-चर्चगेट लोकलमध्ये आमच्या फुटबॉलवेड्या टोळक्यात एक वाद बराच चालला. घसरण क्लबच्या पथ्यावर पडू शकते का? ऐझॉलकडे बोट दाखवून काही जण छातीठोकपणे ‘हो’ म्हणत. पण ऐझॉलचा दाखला तपासला की हाताला काही लागत नाही. त्याला खाली उतरावंच लागलं नव्हतं. गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांनी २०१६ मध्ये लीगमधून अंग काढून घेतलं, जागा मोकळ्या झाल्या आणि महासंघाने ऐझॉलला परत बोलावलं. शिक्षा जाहीर झाली, भोगावी लागली नाही. म्हणून या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर जरा मागे जावं लागतं.

रेलिगेशन ही कल्पना फुटबॉलबरोबर जन्माला आलेली नाही. १८८८ मध्ये इंग्लंडमधल्या १२ क्लबांनी फुटबॉल लीग काढली तेव्हा खाली जायला दुसरी श्रेणीच नव्हती. तळाच्या चार क्लबांना बाकीच्यांच्या मतांवर पुन्हा निवडून यावं लागे. म्हणजे कारभार ओळखीपाळखीचा. १८९२ मध्ये दुसरी श्रेणी आली आणि मतदानाच्या जागी कसोटी सामने आले: वरचे तळाचे विरुद्ध खालचे अव्वल. ही पद्धत सहा वर्षांत बुडाली, तीही मजेशीर रीतीने. १८९८ च्या एप्रिलमध्ये स्टोक आणि बर्नली यांच्या सामन्यात बरोबरी झाली तर दोघांचंही भलं होणार होतं. मग काय, दोन्ही संघ गोल टाळण्यासाठीच खेळले, ०-० झालं, आणि प्रेक्षक इतके वैतागले की स्टँडमध्ये आलेला चेंडू परत द्यायला तयार होईनात. त्यानंतर कसोटी सामने बंद झाले आणि तक्ता सांगेल तसं वर जायचं किंवा खाली यायचं, असं ठरलं. आधी मत, मग सामना, मग तक्ता असा हा दहा वर्षांचा प्रवास आहे. त्यात मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की निर्णय हळूहळू माणसांच्या हातून काढून घेतला गेला. कुणाची मर्जी राखून वाचता येत नाही, हे कळल्यावरच क्लब स्वतःच्या घरात डोकावून बघतो.

कोलकात्यात हा नियम कसा कामाला आला ते पाहण्यासारखं आहे. तिथल्या लीगच्या पहिल्या श्रेणीत दोनपेक्षा जास्त भारतीय क्लब नकोत, असा इंग्रजी अमदानीतला दंडक होता. ईस्ट बंगालने १९२४ मध्ये वर येण्याचा हक्क मिळवला तेव्हा तो मोडावा लागला. पुढे १९२८ मध्ये हाच ईस्ट बंगाल खाली घसरला आणि १९३१ ची दुसरी श्रेणी जिंकून परतला. मोहमेडन स्पोर्टिंग १९३३ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून वर आला आणि १९३४ पासून १९३८ पर्यंत सलग पाच वेळा विजेता झाला. शिडी दोन्ही दिशांनी चालत होती. ईस्ट बंगाल त्या तीन वर्षांत मेला का नाही, याचं उत्तर साधं आहे. मैदान तेच, सभासद तेच, ट्रामचं तिकीट तेवढंच. श्रेणी बदलली तरी क्लबचा दिवस बदलत नव्हता.

मुंबईत गणित निराळं होतं. इथे रोव्हर्स कपाची झिंग होती, कूपरेज होतं, आणि संघ बहुतेक नोकरीचे: टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया. खेळाडूला पगार कंपनीचा, हजेरी कंपनीची. संघ कितवा आला यावर कुणाची चूल अवलंबून नव्हती, ही मोठीच सोय. पण संघाचा जीवही तक्त्यात नसून व्यवस्थापनाच्या फायलीत होता. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग डेरिक परेरांच्या हाताखाली जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. रेलिगेशनचा त्यात काही संबंध नाही.

२००७ मध्ये एस्सेल समूहाने मुंबई एफसी काढला तो या पार्श्वभूमीवर. दुसरी श्रेणी जिंकून २००८ मध्ये तो वर आला. पिवळ्या जर्सीतला हा संघ बघायला आम्ही मीरा रोडहून जायचो. चर्चगेटला उतरायचं, ओव्हलच्या कडेने चालायचं, कूपरेजच्या बुटक्या स्टँडमध्ये बसायचं. इतकं जवळ की थ्रो-इन घेणाऱ्याने बचावपटूला मराठीत हासडलेली शिवीही ऐकू यायची. मात्र मध्यंतरी कूपरेजचं काम निघालं आणि मुंबईचा संघ ‘घरचे’ सामने पुण्यात बालेवाडीला खेळू लागला. आधीच विरळ असलेली गर्दी त्यात आणखी पांगली. २०१७ मध्ये मालकांसमोर प्रश्न आला तो असा: जिथून आलो त्या दुसऱ्या श्रेणीत परत जायचं का? त्या श्रेणीत मोजके सामने, दूरदूरचे प्रवास, टीव्हीवर नाव नाही. मालकांनी हिशेब केला आणि पाटी उतरवली. व्यवहार म्हणून त्यांना दोष देता येत नाही. चुटपुट लागते ती याची की पाटी उतरवल्यावर कुणी मोर्चा काढला नाही.

इंग्लंडमधल्या एका क्लबचं उदाहरण याच्यासमोर ठेवतो. मँचेस्टर सिटी १९९६ मध्ये प्रीमियर लीगमधून घसरला आणि १९९८ मध्ये थेट तिसऱ्या पायरीवर गेला. डिसेंबर १९९८ मध्ये तो यॉर्ककडूनही हरला. त्या हंगामात त्याच्या घरच्या सामन्याची सरासरी गर्दी किती होती? अठ्ठावीस हजार. व्यवस्थापक जो रॉयल यांनी फुगलेला ताफा छाटला, ३० मे १९९९ रोजी वेम्बलीवर जिलिंगमविरुद्ध दोन गोलांची पिछाडी शेवटच्या मिनिटांत भरून काढून पेनल्टींवर सामना मारला, आणि वर्षभराने क्लब पुन्हा प्रीमियर लीगमध्ये होता. घसरणीने सिटीचं भलं झालं, असं म्हणायला इथे जागा आहे. महागडे करार संपतात, पोरांना संधी मिळते, आणि मुख्य म्हणजे दर शनिवारी हरायची सवय सुटते. पण हा सगळा खेळ त्या अठ्ठावीस हजारांच्या जिवावर झाला. पुढे अबू धाबीचा पैसा आला आणि याच सिटीच्या मालक समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटीतला ६५ टक्के हिस्सा घेतला. मीरा रोडच्या टर्फवर आकाशी जर्सी घालून येणाऱ्या पोरांना त्या यॉर्कच्या पराभवाबद्दल सांगून पाहा. खोटं वाटतं त्यांना.

या टर्फवर घसरणीचा एक छोटा प्रयोग रोज रात्री चालतो. एक तास भाड्याने घेतलेला, तीन संघ, हरला तो बाहेर. कमजोर संघ जाळीबाहेर बसून राहतो, आणि पैसे मात्र सगळ्यांचे सारखे. काही ठिकाणी बाहेर बसलेले चिडून पुढच्या वेळी दमदार खेळतात. बहुतेक ठिकाणी ते दोनचार आठवड्यांनी यायचेच थांबतात, मग भाडं भरायला माणसं कमी पडतात आणि ‘हरला तो बाहेर’ची जागा घड्याळ घेते: सात मिनिटं तुमची, सात आमची. सामने मिळमिळीत होतात, पण ग्रुप टिकतो.

इंडियन सुपर लीगने २०१४ मध्ये हेच घड्याळ लावलं. आठ शहरं, आठ मालक, घसरण नाही. मुंबई सिटी पहिल्याच वर्षी आठांत सातवा आला आणि काही बिघडलं नाही. या पद्धतीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चेन्नईयिन २०१७-१८ चा विजेता, पुढच्या वर्षी शेवटचा, त्याच्या पुढच्या वर्षी अंतिम फेरीत. हैदराबाद एफसी २०१९-२० मध्ये शेवटचा आणि २०२१-२२ मध्ये विजेता. घसरणीचा नियम असता तर हे दोन्ही संघ त्या चषकांच्या आसपास फिरकले नसते. सावरायला वेळ मिळाला की काही संघ सावरतात.

पण हैदराबाद एफसी आला कुठून? पुण्यातून. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये मिटला, त्याची लीगमधली जागा आणि बरेचसे खेळाडू नव्या मालकांनी हैदराबादला नेले. मग हैदराबादही पैशाच्या ओढाताणीत सापडला आणि २०२५ मध्ये ती जागा दिल्लीला गेली. पुणे, हैदराबाद, दिल्ली. जागा एकदाही घसरली नाही. बालेवाडीत पुणे सिटीसाठी घसा कोरडा करणाऱ्याच्या पदरात यातलं काय पडलं? इथे मला या वादाचा धागा सापडला असं वाटतं. बंद लीग जागा वाचवते. क्लब वाचेलच असं नाही. रेलिगेशन जागा काढून घेतं आणि त्यानंतर क्लब म्हणून काय उरतं ते उघडं पडतं. मुंबई एफसीकडे जागेखेरीज फारसं काही नव्हतं. धेंपोकडे होतं.

गोव्याचा धेंपो स्पोर्ट्स क्लब पाच वेळचा राष्ट्रीय विजेता. २०१४-१५ मध्ये तो घसरला, आणि ही घसरण अन्यायाची होती असं मी ठामपणे म्हणेन. कारण तळाला तो नव्हताच. तळाला होता पुण्याचा भारत एफसी. पण नव्या कॉर्पोरेट संघांना रेलिगेशनमधून सूट होती, म्हणून शेवटचा वाचला आणि त्याच्या वरचा गेला. पुढच्याच वर्षी तीच गंमत: शेवटचा आला पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स, गेला ऐझॉल. इंग्रजांनी १८९८ मध्ये जो निर्णय समितीच्या खोलीतून काढून तक्त्याकडे सोपवला, तो आपण परत खोलीत नेऊन ठेवला. आणि सूट मिळालेल्यांचं काय झालं? भारत एफसी एका हंगामात आटोपला, डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये. अभय मिळालेले दोघेही गेले.

धेंपो मात्र दुसरी श्रेणी जिंकून वर्षभरात परतला, आणि परतूनही वर खेळला नाही. महासंघाच्या धोरणावर रुसून तो गोव्यातच थांबला, स्थानिक लीग खेळत राहिला, पोरं घडवत राहिला. आठेक वर्षांनी, २०२४ मध्ये, आय-लीगच्या खालच्या श्रेणीत दुसरा येऊन तो पुन्हा आय-लीगमध्ये दाखल झाला. त्याला घसरणीचा फायदा झाला का? चषकांच्या भाषेत नाही. पण २०१५ साली त्याच्या वर असलेल्या पुणे एफसीचं, मुंबई एफसीचं आज नाव नाही आणि धेंपो आहे. ज्याला आपण तोटा म्हणतो तो सोसून शिल्लक राहण्याची ऐपत त्याच्यात होती. ती घसरणीने दिली नाही, आधीपासून होती.

महाराष्ट्रात ही ऐपत शोधायची तर मुंबई-पुणे सोडून कोल्हापूरला जावं लागेल. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. तालमींचे संघ, शाहू स्टेडियम तुडुंब भरवणारे. यातला एखादा उद्या चार पायऱ्या खाली गेला तरी पेठ कुठे जाणार? सोमवारी कट्ट्यावर टोमणे ऐकावे लागतील, एवढंच, आणि टोमणे हे फुटबॉलमधलं सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे.

आशियाई महासंघाच्या संमतीने २०१९ मध्ये ठरलेल्या आराखड्यात २०२४-२५ पासून सुपर लीगमध्येही घसरण सुरू व्हायची होती. आय-लीगमधून वर येण्याचं दार उघडलं. २०२३ मध्ये पंजाब एफसी आला, २०२४ मध्ये मोहमेडन. खाली जाण्याचं दार मात्र त्या हंगामात उघडलंच नाही. शिडी एकाच दिशेने चालली. नियम लावायचाच तर आधी खालची श्रेणी राहण्याजोगी करा, हे माझं म्हणणं. मुंबई, पुणे, कोल्हापूर, गोवा अशी रात्रीच्या गाडीने पोहोचता येईल अशी विभागीय श्रेणी, आणि घसरणाऱ्याला दोन वर्षं पुरेल एवढी शिदोरी. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगमधून खाली जाणाऱ्यांना अशी रक्कम मिळते. ती असूनही संडरलँड लागोपाठ दोनदा घसरला आणि त्याला परतायला २०२५ उजाडलं.

राहता राहिलं आमचं मीरा-भाईंदर. २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांवर गेलेलं हे शहर, जिल्हा ठाणे, ओढा मुंबईचा. भाईंदर पश्चिमेला सुभाषचंद्र बोस मैदान आहे, गल्लीगल्लीत टर्फ आहेत, पण ज्याच्या घसरणीने शांतीनगरपासून उत्तनपर्यंत कुणाची रात्रीची झोप उडेल असा एक क्लब नाही. इथले बहुतेक जण दुसरीकडून आलेले, पेठ नाही, तालीम नाही. उद्या कुणी इथे क्लब काढलाच तर पहिली काही वर्षं तो तळाशीच असणार. जर्सीवर कोणत्या बिल्डरचं नाव आहे याची मी चौकशी करणार नाही. मैदानाचं पुढच्या वर्षीचं बुकिंग कुणी केलंय, बिल्डरने की सभासदांनी वर्गणी काढून, तेवढं विचारीन.