कात्रीने घडविलेला राक्षस

माणसाचे कृत्य पाहून त्याच्या अंतःकरणाचा निवाडा करता येतो का? हा प्रश्न नीतिविचाराइतकाच जुना आहे. १९३१ साली हॉलिवुडच्या युनिव्हर्सल कंपनीने काढलेल्या 'फ्रँकेन्स्टाइन' या कृष्णधवल भयपटाने, कदाचित नकळत, त्या प्रश्नाचे एक विलक्षण उदाहरण मागे ठेवले आहे.

मेरी शेली यांच्या १८१८ सालच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शक जेम्स व्हेल. हेन्री फ्रँकेन्स्टाइन हा शास्त्रज्ञ मृतांचे अवयव जोडून एक देह घडवितो आणि विजेच्या साहाय्याने त्यात प्राण आणतो. बोरिस कार्लोफ यांनी साकारलेल्या या जीवाला नाव नाही. आरंभीच्या श्रेयनामावलीत तर नटाच्या नावाच्या जागीही केवळ प्रश्नचिन्ह आहे. निर्मात्याने त्याला नाव दिले नाही. जगाने पुढे निर्मात्याचेच नाव त्याला चिकटविले.

घरातील लहान पडद्यावर हा चित्रपट पाहताना आज हसू येण्याचा संभव आहे, कारण त्या सपाट माथ्याची नक्कल आपण असंख्य वेळा पाहिलेली असते. चित्रपटगृहातील भव्य पडद्यावर मात्र तो चेहरा भिंतीएवढा होतो आणि जड पापण्यांआडचे डोळे प्रथमच दिसू लागतात. छताची झडप उघडते, वरून प्रकाश येतो आणि तो धरण्यासाठी हा जीव दोन्ही हात उंचावतो. झडप मिटताच त्याचे हात रिकामे राहतात. इतक्यात नोकर जळती मशाल घेऊन आत येतो. आगीला भेदरून तो धडपडतो; उपस्थितांना तो हल्ला वाटतो आणि ते त्याला जखडून टाकतात.

याहून बोलके आहे ते तळ्याकाठचे दृश्य. एकटीच खेळणारी चिमुकली मारिया त्याला पाहून भीत नाही. ती त्याला फुले देते. दोघे ती पाण्यावर सोडतात. फुले तरंगतात, तो हसतो. फुले संपल्यावर, मुलगीही तशीच तरंगेल अशा समजुतीने तो तिला उचलून पाण्यात टाकतो. ती बुडते आणि तो सैरभैर होऊन पळत सुटतो.

हे दृश्य फार क्रूर ठरवून त्याचा शेवट कापण्यात आला. परिणामी अनेक वर्षे प्रेक्षकांना दिसले ते एवढेच: मुलीकडे सरसावणारे दोन हात आणि नंतर लग्नाच्या जल्लोषातून लेकीचे कलेवर घेऊन चाललेला बाप. मधली रिकामी जागा प्रत्येकाने आपापल्या मनातील काळोखाने भरली. कापलेला भाग १९८०च्या दशकात पुन्हा जोडला गेला, तेव्हा कळले की कात्रीने क्रौर्य कमी केले नव्हते. अजाणतेपण तेवढे पुसून टाकले होते.

कोणी म्हणेल, या देहात गुन्हेगाराचा मेंदू बसविल्याचे चित्रपटच सांगतो, आणि काहीही झाले तरी मुलगी जिवानिशी गेली. हे खरेच आहे. त्या बापाचे दुःख कोणत्याही खुलाशाने हलके होत नाही. परंतु पापाचा विचार करताना कृत्याच्या गांभीर्याबरोबर पूर्ण जाणीव आणि मनाची संमतीही पाहावी लागते, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो आहोत. कृत्याला भयंकर म्हणणे वेगळे आणि कर्त्याला राक्षस म्हणणे वेगळे. शेजारच्या घरातील मोडलेला संसार असो वा वाट चुकलेला एखादा तरुण, आपल्या कानी येते ती बहुधा कापलेलीच हकिकत. उरलेली आपण रचतो, आणि रचताना फारसे उदार नसतो.

१९३५ सालच्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' या पुढील चित्रपटात एक आंधळा संन्यासी या जीवाला झोपडीत आसरा देतो, भाकरी देतो आणि मित्र पाठविल्याबद्दल देवाचे आभार मानतो. दृश्य काळोखात विरत असता भिंतीवरचा क्रूस तेवढा उजळत राहतो. पुढे वाट चुकलेले शिकारी तेथे येतात. ते डोळस असतात. त्यांना केवळ राक्षस दिसतो. पडद्यावर मशाली घेऊन धावणारा जमाव पाहताना काळोखात बसलेल्या आपणही स्वतःला विचारावे: मधले दृश्य पाहिल्यावाचून आपण आजवर कितीजणांमागे धावलो?