ज्याची निंदा, तोच न्यायाधीश

आयल ऑफ मॅन हे इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रातले छोटे बेट. तिथे ‘आयल ऑफ मॅन टाइम्स’ छापणाऱ्या जेम्स ब्राउनला 1864 साली ‘हाउस ऑफ कीज’ने सहा महिन्यांची कैद सुनावली. कीज म्हणजे बेटाच्या कायदेमंडळाचे 24 सभासदांचे गृह. डग्लस शहराच्या सुधारणेविषयीच्या विधेयकावरून ब्राउनच्या वर्तमानपत्राने या गृहाचा खरपूस समाचार घेतला होता. गृहाने ती टीका आपली बदनामी आणि अवमान ठरवली, ब्राउनला पुढ्यात उभे केले आणि त्याची रवानगी कॅसल रशेनच्या तुरुंगात केली. फिर्यादी आणि न्यायाधीश एकच.

ज्याची निंदा झाली त्याने निंदकाचा न्याय करावा का, हा यातला मूळ प्रश्न. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकने सतराव्या शतकात तो राज्यसंस्थेच्या मुळाशीच नेऊन ठेवला होता. शासन नसते तेव्हा प्रत्येक जण आपल्या भांडणाचा निवाडा आपणच करतो. आत्मप्रीतीपोटी स्वतःला झुकते माप देतो आणि रागाच्या भरात दुसऱ्याला वाजवीपेक्षा जास्त शिक्षा करतो. यावर उपाय म्हणून माणसे शासन स्वीकारतात. पण दुखावले गेलेले खुद्द शासनच असेल तर? निरंकुश राजा आणि त्याची प्रजा यांच्यामध्ये निवाडा करणारा कोणीच नसल्यामुळे ती प्रजा अजून शासनाच्या छत्राखाली आलेलीच नाही, असे लॉकचे मत.

कीज राजे नव्हते, पण लोकांनी निवडलेलेही नव्हते. एखादी जागा रिकामी झाली की उरलेले सभासद दोन नावे सुचवत आणि लेफ्टनंट गव्हर्नर त्यांतले एक निवडे. मतपेटीच नाही, तेव्हा नाराजी व्यक्त करायला वर्तमानपत्र हाच मुख्य मार्ग, आणि नेमका तोच गुन्हा ठरला.

तरीही कीजची बाजू अगदीच पोकळ नव्हती. कोणी सभागृहात दंगा करू लागला तर त्याला बाहेर काढण्याचा अधिकार गृहाला हवाच. एरवी कामकाज चालणार कसे? न्यूफाउंडलंड या दुसऱ्या एका बेटावरच्या खटल्यात, कीली विरुद्ध कार्सनमध्ये, वसाहतींची अपिले ऐकणाऱ्या प्रिव्ही कौन्सिलने 1842 साली इथेच रेघ ओढली होती. अडथळा दूर करणे हा स्वसंरक्षणाचा भाग. होऊन गेलेल्या शब्दांबद्दल शिक्षा देणे हे न्यायालयाचे काम, आणि वसाहतीच्या विधिमंडळाला तो अधिकार आपोआप मिळत नाही. ब्राउनचा बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयापुढे आला, तेव्हा हीच कसोटी लागू झाली आणि काही आठवड्यांतच तो सुटला. पुढे त्याला पाचशे पौंडांहून अधिक नुकसानभरपाईही मिळाली.

छोट्या समाजात हा प्रश्न अधिक अवघड होतो. जिथे पुढारी, व्यापारी, वकील आणि संपादक एकमेकांना नावानिशी ओळखतात, तिथे तटस्थ माणूस आणायचा कुठून? ब्राउनला न्याय समुद्रापलीकडून मिळाला. पण आपला कायदा आपणच करण्याची परंपरा अभिमानाने जपणाऱ्या बेटाला लंडनचा हुकूम मानावा लागणे ही काही सुखाची गोष्ट नव्हे. तटस्थता आणि स्वशासन यांची इथे सरळ टक्कर होते, आणि ती कोणत्याही सूत्राने मिटत नाही. इतकेच म्हणता येते की स्वशासनाचा हक्क लोकांचा होता, आणि त्या लोकांना कीज निवडण्यात काहीच वाव नव्हता.

क्वीन्स बेंचने ब्राउनची टीका खरी होती की खोटी, हे ठरवले नाही. शिक्षा देणाऱ्याला अधिकार होता का, एवढेच पाहिले. म्हणजे ब्राउनचे म्हणणे साफ चुकीचे असते तरी त्याची सुटका तितकीच योग्य ठरली असती. सत्य हा बदनामीच्या खटल्यातला बचाव आहे. तिऱ्हाइताकडून न्याय मिळण्याचा हक्क त्याच्याही आधी येतो आणि तो चुकणाऱ्यालाही असतो.

लेफ्टनंट गव्हर्नर हेन्री लॉक यांच्या कारकिर्दीत 1866 साली कीजच्या निवडणुकीचा कायदा झाला आणि 1867 मध्ये पहिले मतदान झाले. निवडून आलेल्या गृहालाही टीका झोंबतेच. पण त्याच्या सभासदांना निदान त्याच वाचकांपुढे मते मागायला जावे लागे.