मध्यरात्री वाजणारी कडी

माझ्या वडिलांचा माग बंद पडून वीस वर्षे होऊन गेली. मागाचा खड्डा बुजवून त्यावर फरशीही घातली. तरी वर्षातून दोनचारदा मला एकच स्वप्न पडते. बंद खोलीतून धोट्याची खटखट ऐकू येते. वडील विणायला बसले आहेत, काठ अर्धाच झाला आहे, आणि दार लोटायचे धैर्य मला होत नाही. घामाघूम होऊन मी जागा होतो.

वारासिवनीत ज्यांच्या घरी माग होते त्यांना याचे नवल वाटू नये. वडिलांच्या मनात काठाची एक वेल होती. हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी ती शिसपेन्सिलीने काढून ठेवली होती. पण सूत देणारा सांगेल तोच काठ विणायचा, कारण मजुरी त्याच्या हाती. वेल वहीतच राहिली. २०२३ साली वारासिवनीच्या हातमाग साडीला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंद झाला, पण त्या रात्री झोप लागली नाही.

अशा वेळी मला गजानन माधव मुक्तिबोध आठवतात. घर मराठी, कविता हिंदी. आपल्यासारख्या दुभाषी मुलखाला ते परके नाहीत. १९१७ साली श्योपूरला जन्म, अखेरची वर्षे राजनांदगावला प्राध्यापकी, आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत मृत्यू. त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्यांना पाहायलाही मिळाला नाही. त्यांच्या 'अंधेरे में' या दीर्घ कवितेत रात्री कोणीतरी दाराची कडी वाजवतो. उठावे की नाही या घालमेलीत वेळ जातो. दार उघडावे तर बाहेर कोणी नसते. तो कडी वाजवणारा म्हणजे कवीचेच अद्याप न गवसलेले पूर्ण रूप. आपण दुःस्वप्नात भितो ते भुताला नव्हे, आपण होऊ शकलो असतो त्या माणसाला, असे मला ही कविता वाचून वाटते.

मग माझे वडील भित्रे होते काय? मुळीच नाही. त्यांच्यापुढे जेवणारी सहा ताटे होती. 'मनात आणले तर माणूस काहीही करू शकतो' हा उपदेश पोट भरलेल्यालाच सुचतो. न फुललेल्या गुणाचा दोष त्या माणसावरच टाकणे हा अन्याय आहे. आणि आपली अपुरी स्वप्ने मुलांच्या डोक्यावर ठेवणे हा दुसरा. वडिलांनी तो माझ्यावर केला नाही. मला शाळेत घातले, मागावर बसवले नाही. म्हणूनच मी मास्तर झालो आणि वही पेटीत पडून राहिली.

मुक्तिबोधांच्याच 'ब्रह्मराक्षस' कवितेत एका विद्वानाचा अतृप्त आत्मा ओसाड विहिरीत तळमळतो, आणि शेवटी कवी त्याचा शिष्य होऊन त्याचे अपुरे काम तडीस नेऊ इच्छितो. कोणी सांगितले म्हणून नव्हे, आपण होऊन. वारसा लादलेला असेल तर ओझे होतो. मागून घेतला तर ऋण फिटते.

दसऱ्यानंतर मी ती वही घेऊन, ज्याचा माग अजून चालतो अशा एका विणकराकडे गेलो. तो बराच वेळ वेलीवर बोट फिरवत राहिला. म्हणाला, "काका, निघेल हा काठ. पण वेळ लागेल."

मी म्हटले, "लागू दे."